हिरव्या खड्याचं तांबं

कॅन्टीनमागच्या शेडमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. एक पाळी सुटलेली, दुसरी लागायची होती, आणि दोन्ही पाळ्या टाचा उंचावून एका काचेच्या बरणीकडे बघत होत्या. बरणीमागे हिरवेबाबा. झगा हिरवा, फेटा हिरवा. दात तेवढे पिवळे.

"हा दगड नव्हे, जीव आहे जीव!" बाबांनी हिरव्यागार खड्याची भुकटी बरणीतल्या पाण्यात सोडली. पाणी फसफसलं. "बघा, श्वास सोडतोय!"

"सोडतोय, सोडतोय!" मागचे लोक ओरडले. त्यांना बरणी दिसत नव्हती, ही गोष्ट वेगळी.

पाणी निळसर हिरवं झालं. बाबांनी एक चकचकीत खिळा फोरमनच्या छातीला टेकवला, काहीतरी पुटपुटले आणि खिळा पाण्यात बुडवला. थोड्या वेळाने काढला, तर लालबुंद!

"छातीतलं विष लोखंडानं ओढलं! आता हेच पाणी रोज अर्धा कप प्यायचं. गोळ्या बंद."

फोरमन म्हणजे केमिस्टबाईचा थोरला भाऊ. त्याला क्षय झाला होता, औषधाने चांगला उतार पडत होता, आणि त्याने गोळ्यांचं पाकीट खरंच कचऱ्यात टाकलं होतं. केमिस्टबाई कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. कारखाना कसला? तर लोखंडी कड्याकोयंड्यांवर तांब्याचा मुलामा चढवण्याचा! ज्यांची हयात लोखंड लाल करण्यात गेली, तेच लाल खिळ्यापुढे हात जोडून उभे होते.

"दादा, टाकीत तांबं चढताना रोज बघतोस ना?"

"तिथे करंट असतो. बाबांच्या बरणीला वायर दिसली का तुला? मी झगासुद्धा उचलून बघितला."

"झगा?"

"मग! खात्री करून घ्यायला नको?"

दादाची सगळी शोधक बुद्धी त्या झग्यावरच खर्ची पडली होती. घरी तो ओकून ओकून पिवळा पडला होता.

"रोग बाहेर पडतोय म्हणतात," वहिनी म्हणाली.

"वहिनी, जेवण बाहेर पडतंय!"

केमिस्टबाई मॅनेजरकडे गेली. तो म्हणाला, "श्रद्धेचा प्रश्न आहे, जपून बोला." त्याच्या टेबलावर हिरव्या पाण्याची बाटली होती. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. इथे तर घडे रांगेने मांडलेले.

शेवटी बाबांच्या पुढच्या मेळाव्यात ती स्वतःच बरणी आणि हिरवा खडा घेऊन उभी राहिली. "या खड्याला मॅलाकाइट म्हणतात. तांब्याच्या खाणीत, वरच्या थरात, जिथे हवापाणी पोचतं तिथे सापडतो. याचं तांबं गाळतात, मणी करतात, पूर्वी हिरवा रंगही करायचे. आणि बाबांचं पाणी म्हणजे व्हिनेगर. वास घ्या. खडा त्यात विरघळतो, वायू सुटतो, म्हणून फेस. पाण्यात उतरतं ते तांबं."

तिने खड्याची भुकटी बरणीत विरघळवली, खिळा घासून शेजारच्या बाकाला टेकवला आणि त्यात बुडवला. खिळा लाल झाला.

"आता सांगा, बाकाला क्षय झालाय का?"

मग एका जुन्या कामगाराने हात जोडले. "बाई, तुमच्याही हाताला गुण आहे! माझ्या गुडघ्याचं बघता का?"

केमिस्टबाईने कपाळावर हात मारून घेतला. बाबा गालातल्या गालात हसले.

दादाने मात्र सवयीने तिचा खिळा हातात घेतला, खिशातला चिंधीचा बोळा काढला आणि घासला. माल हातात आला की तो घासायचाच. तांबं पुसलं गेलं. त्याने बाबांचा खिळा उचलला. तोही पुसला गेला.

"अरे, हा तर रिजेक्ट माल!" तो ओरडला. "लाइट गेली आणि माल टाकीतच राहिला, की अस्संच कच्चं तांबं बसतं! करंट नसतानाच बसतं! जन्मभर असला माल मी परत फेकलाय!"

"तेच सांगतेय कधीची!" तिचा आवाज फाटला. "लोखंड पाण्यात उतरतं, तांबं त्याच्या जागी बसतं. छातीशी संबंध नाही!"

"मग मी प्यायलो ते..."

"तांब्याचं विष. म्हणून उलट्या."

"श्रद्धा नसेल तर..." बाबांनी सुरुवात केली, पण चिंध्या खिशाखिशातून बाहेर निघत होत्या आणि बाबांच्या टेबलावरचा खिळा न् खिळा पांढरा होत होता. बाबा बरणी काखोटीला मारून निघाले. चारपाच जण तरी बाटल्या घेऊन मागे धावलेच. त्यांना कोण अडवणार?

दादा खाली बसला. "गोळ्या पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतील?"

"ते डॉक्टर ठरवतील. थुंकी तपासावी लागेल. मधेच सोडलेला क्षय जास्त चिवट होऊन उलटतो, दादा." ती त्याच्याकडे बघत नव्हती, उरलेल्या गर्दीकडे बघत होती. "पोटासाठी काम करताना एक डाग सोडत नाही तुम्ही. मग जिवाचा प्रश्न आला की डोळे का मिटता? विचारा. तपासा. आणि औषध चालू ठेवा."

दादा उठला. दवाखाना बंद व्हायला अजून वेळ होता.