दप्तरात गेलेला अर्ज

"मॅडम, लेकीच्या दप्तरात हे काय दिलंत?" शाळेतल्या बाईंचा फोन आला, तेव्हा मी ऑपरेशन थिएटरबाहेर उभी होते. भूल देणं हे माझं काम. रोज पेशंटला सांगते, "इथे सही करा, घाबरू नका." त्यात उशीर होतो, म्हणून लेकीला रोजची ताकीद, "मी आणायला येईन. जागची हलू नकोस."

मेली सकाळची घाई मुळावर उठली. शिखर चढायला जायचं म्हणून उद्याचं विमान, अर्धवट भरलेली सॅक, डबा, नवऱ्याला शंभर सूचना. त्या गोंधळात दोन अर्जांची अदलाबदल झाली. लेकीच्या शाळेच्या सहलीचा अर्ज गेला माझ्या गिर्यारोहण संस्थेकडे आणि संस्थेचा गेला दप्तरात. शिखरावर मरण आलं तर देह खाली आणायचा की वरच ठेवायचा, हे त्यात आधीच लिहून द्यावं लागतं. मी 'वरच ठेवावा'वर खूण केली होती. देह आणता आणता आणखी दोघांचे जीव जातात, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तशीच धावत शाळेत गेले. बाईंनी कागद पुढे केला. दुसरीतली पोर आता सगळं घडाघडा वाचते, म्हणून कालच मी घरभर कौतुक केलं होतं!

खोडरबराने घासून घासून कागद फाटला होता, पण माझी शाईची खूण गेली नव्हती. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं:

"आई, मी आणायला येईन. जागची हलू नकोस."