डोंगराची पाठराखीण

सकाळी पडदा सरकवला तर डोंगर आमच्या हॉटेलच्या पायरीवर बसला होता. काल आम्ही या परक्या देशात उतरलो तेव्हा हा ज्वालामुखी गावापलीकडे धुमसत होता. रात्रीतून उठून खाली आला असणार, कारण अंगणातल्या फरशा अजून गरम होत्या.

"हा अधूनमधून कुणाकडे तरी उतरतो," मालकीणबाई म्हणाल्या. त्या अगदी आपल्यासारखं मराठी बोलत होत्या आणि त्याचं आम्हाला कुणालाच नवल वाटलं नाही. "जाताना घरातलं एक माणूस नेतो. जे त्याला भीत नाही ते."

आमची रेवा तोवर अंगणात पोचलीसुद्धा होती. दुसरीतली पोर, डोंगराला हात लावून उभी, आणि तिच्या वेणीतून बारीक धूर निघत होता. हे कॅमेऱ्याची बॅटरी शोधत होते. यांचं सगळं असंच.

हलल्या त्या आत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. पिशवीत नारळ, तांदूळ आणि खण असल्याशिवाय त्या कराड सोडत नाहीत. त्यांनी डोंगराला खालून वर न्याहाळलं.

"डोंगर कसला, पोर हाय ही. कुणी कधी दारात उभं केलेलं दिसत न्हाई. धुमसंल न्हाईतर काय करंल?"

आणि त्यांनी ओटी भरली. विधवेनं ओटी भरू नये म्हणणाऱ्यांना त्यांनी जन्मात भीक घातली नव्हती. नारळ ठेवला तशी कपारीतली आग मंदावली. हिरवा खण पसरला तो पसरतच गेला, सगळी उतरण झाकली. रेवाच्या वेणीतला धूर थांबला. मी हात जोडले ते आत्यांना.

"आता लेकच झाली आपली," त्या म्हणाल्या, आणि तिथंच चुकल्या.

लेक म्हटलं की पाठवणी आली, आणि पाठवणीला पाठराखीण लागते. नव्या घरी मुलीच्या सोबतीला माहेरचं एक माणूस जातंच. डोंगर उठला आणि लेकीच्या हक्कानं त्यानं रेवाचं बोट धरलं.

"एवढीशी पोर कुठं पाठराखीण असती व्हय?" आत्यांनी ते बोट सोडवलं आणि डोंगराच्या हाती आपलं दिलं. "रात्री रडलीस तर थोपटायला म्हातारं माणूस लागतं."

"आत्या, नका जाऊ," मी म्हणाले. मला रडू आवरेना.

"अगं, लेक पहिल्यांदा माहेरी आली की पाठराखीण तिच्यासंगं माघारी येतीच की. दार उघडं ठेव."

त्या गेल्या. डोंगर त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांच्या बेतानं चालत होता. असली बाई मी दुसरी पाहिली नाही.

कराडला आल्यापासून आम्ही दाराला कडी घालत नाही. रेवा रोज शाळेतून आली की आधी आजीच्या चपलांची जागा बघते.

आज भाकरी थापताना परात आपोआप तापली. मग ओट्यावरचा उजेड गेला. हे म्हणाले, "गाडी आत घेतो, जागा होईल." बाहेरून आवाज आला, दमलेला पण खूश.

"शालन, लेक आलीया. भाकरतुकडा आण ओवाळायला."

मी तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी राहिले. ओवाळायला हात वर नेला, आणखी वर नेला, टाचा उंचावल्या. रेवानं पळत जाऊन स्टूल आणलं.