भिंगरीचं इंजिन

आईला लावण्याआधी तिने ऑक्सिजनच्या सिलिंडरची नळी स्वतःच्या गालापाशी धरून पाहिली. हवा येत होती. मग मशीनची नळी काढली आणि ही लावली.

"येतंय ना?"

"येतंय गं. किती वेळा विचारशील?"

सिलिंडर तिने दाराबाहेर ठेवला होता, लांब नळी जोडून, म्हणजे त्याची फुसफूस खोलीत यायला नको. पंखा बंद होता, फ्रिजची पिन काढलेली होती, भिंतीवरचं घड्याळ उशांखाली कोंबलेलं होतं. दुपारची वेळ, रस्ताही पेंगुळलेला. खोलीत एकच आवाज उरला होता, पलंगाशेजारच्या ऑक्सिजनच्या मशीनचा. खालच्या पट्टीतली घरघर, मग ठक्, मग एक उसासा.

हा आवाज गल्लीतली पोरं खेळताना तोंडाने काढायची. कार्टून मालिकेतल्या वैमानिकाचं चिमुकलं यान, भिंगरी, याच आवाजावर अंतराळात उडायचं. त्या मालिकेचे आवाज ती तयार करायची. स्टुडिओत तिचं नावच 'कान' पडलं होतं. पहिल्या भागाच्या वेळी काही म्हणता काही सुचेना, तेव्हा तिने घरचं मशीन रेकॉर्ड करून जरा संथ केलं आणि दिग्दर्शक ऐकून खुर्चीतून उठलाच. आवाज कुठून आणला हे तिने तिथे कुणाला सांगितलं नाही. आईला मात्र सांगितलं होतं. तेव्हापासून पडद्यावर भिंगरी उडाली की आई मशीनवर शाबासकीची थाप मारायची.

आता शेवटच्या भागात भिंगरी बंद पडणार होती. वैमानिक आत, बाहेर नुसता अंधार, आणि इंजिन थांबतं. तिने मिक्सर बंद करून पाहिला, पाण्याचा पंप पाहिला, जुना टेबलफॅन पाहिला. दिग्दर्शकाने प्रत्येक वेळी नकारार्थी मान हलवली.

"हे कुठलंही इंजिन आहे. आपली भिंगरी बंद पडायला हवी. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा आला पाहिजे."

त्याला काय कल्पना! त्याच आवाजाचा तिने धसका घेतला होता. अंघोळीला गेली तरी दार किलकिलं ठेवायची. घरघर जराशी बदलली की हातातलं टाकून धावायची. वीज गेली की सिलिंडर ओढण्याच्या धांदलीत मशीन कसं थांबतं हे तिने कधी ऐकलंच नव्हतं. ऐकायचंही नव्हतं.

हट्ट धरला तो आईने.

"सिलिंडर आहे ना? मग कर की. माझ्या यानाचा मिक्सर करू नकोस."

तिने हेडफोन चढवला, रेकॉर्डर सुरू केला, माईक मशीनजवळ आणला. मुंगी चालली तरी पकडेल असा माईक. मशीनच्या बटणावर बोट ठेवलं. आईने डोळे मिटून घेतले.

तिने बटण दाबलं.

घरघर उतरत गेली. ठक् झालं, पण नेहमीपेक्षा उशिरा. मग उसासा सुटला, लांबला, विरला. मग काहीच नाही.

ती थांबली. पुढची शांतताही हवी होती. हेडफोनमध्ये तिला स्वतःच्या बाहीची सळसळ ऐकू आली, स्वतःचा आवंढा ऐकू आला. आणि मग लक्षात आलं, आईचा श्वास ऐकू येत नाही.

तिने वळून पाहिलं. आईचे ओठ मिटलेले होते. छाती हलत नव्हती.

"आई?"

काही नाही.

"आई!"

माईक खाली पडला. तिने मशीनचं बटण दाबलं, ते सुरू होईना. पुन्हा दाबलं. मशीन खोकल्यासारखं करून घरघरलं. तोवर तिने आईचे खांदे धरून गदागदा हलवले होते.

आईने तोंड उघडून श्वास ओढला आणि तिला ढास लागली.

"ओरडलीस कशाला? घालवलंस ना सगळं!"

"तू श्वास का..."

"धरून ठेवला होता. माझी धाप मध्ये आली असती."

ती पलंगाला टेकून जमिनीवर बसली.

"जीव गेला ना माझा. अशी चेष्टा करतात का?"

"चेष्टा नाही केली."

मशीनची नळी पुन्हा लावायला ती उठली. आईने नळी तिच्या हातातून काढून घेतली आणि आपली आपणच लावली.

"मिळालं का तुला हवं ते?"

तिने रेकॉर्डरकडे पाहिलं. लाल दिवा अजून चालू होता.

"मिळालं."

"बरं झालं," आई म्हणाली. "एकदा ऐकून ठेवलंस."

तिने खाली वाकून माईकची वायर गुंडाळायला घेतली. वायरचा गुंता झाला होता, सुटता सुटेना. आईने पलंगावरून हात पुढे केला आणि दुसरं टोक धरलं.