मावशीचा तोल

भाचीचा सगळा प्रकल्प एकाच गोष्टीपाशी अडला होता: कुणाचा तरी तोल जायला हवा होता. माणसाचा तोल नेमका कसा जातो, हे तिला शोधायचं होतं. पण अंगभर हालचाल टिपणाऱ्या चकचकीत गोळ्या चिकटवून, डोळ्यांवर खोटा रस्ता दाखवणारा हेडसेट चढवून, चहूबाजूंच्या कॅमेऱ्यांपुढे उभं केलं की भलेभले नव्या सुनेसारखी जपून पावलं टाकत. हेडसेटमधला रस्ता कितीही हलवा, कुणी अडखळेल तर शपथ! संध्याकाळपर्यंत एक तरी खरी नोंद दाखवा, नाहीतर गाशा गुंडाळा, असं प्रयोगशाळेच्या सरांनी बजावलं होतं. शेवटी तिने मावशीला गाठलं.

मावशीच्या हौसेला काय तोटा! काळा घट्ट पोशाख चढवून तिने आरशात पाहिलं आणि खदाखदा हसली. "अगं, मी अगदी वांग्यासारखी दिसतेय!"

पडलीच तर लागू नये म्हणून भाचीने तिला छताच्या दोरीला पट्ट्यांनी बांधलं. "सरळ चालत राहायचं, मावशी. बस, एवढंच."

मावशी चालली, पण किती? हेडसेटमधल्या रस्त्यावर समोरून एक बाई आली आणि ही थांबली. "कशा आहात?"

चित्रातली बाई कसली बोलतेय! ती मुकाट निघून गेली.

"किती शिष्ट आहे गं ही! साधं हसलीही नाही."

भाचीने रस्ता पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. समोरच्या माणसाशी न बोलता पुढे जाणं मावशीच्या रक्तातच नव्हतं. आता तर ती हट्टालाच पेटली. "ही बोलेपर्यंत मी पाऊल उचलणार नाही."

भाचीने कपाळावर हात मारला. मग नाइलाजाने माइक उचलला आणि आवाज बदलून म्हणाली, "मी मजेत. तुम्ही कशा आहात?"

मावशीची कळी खुलली. "चला, टेकू या जरा," म्हणत ती रस्त्याकडेच्या बाकावर बसली. आता बाकही हेडसेटमधलाच! पट्टे ताणले, मावशी हवेतच बसल्या बसल्या लोंबकळली आणि संगणकाच्या पडद्यावर तिच्या हालचालींच्या रेघा अशा उसळल्या की नेमके दारात आलेले सर जागीच थबकले.

"मिळालं!" ते पुटपुटले. "उतरवा आता त्यांना."

पण मावशी गप्पांत रमली होती. "बाक जरा झुलतोय, पण बरा आहे. तर काय सांगत होते, माझी भाची इथेच काम करते. गुणी आहे हो. पण दिवसभर लोकांना चालवते आणि माझ्या घरापर्यंत यायला मात्र तिचे पाय दुखतात. आज आली, तीही कामापुरती. वाट बघून बघून कंटाळा येतो मला."

भाचीला एकदम भरून आलं. स्वतःची लाज वाटली. सर बघत होते, तरी तिने माइक तोंडाशी धरला. "येईल हो ती. आजच येईल."

"नक्की?"

"अगदी नक्की."

"मग मला उतरव आता, पट्टा काचतोय," मावशी हवेत पाय हलवत म्हणाली. "आणि येताना दूध घेऊन ये."