निळ्या टोपाचा वारा

त्या शनिवारी मुलुंडच्या घरात विशेष काहीच घडलं नाही. चहा झाल्यावर नंदकिशोरांनी भाताचा टोप पालथा घातला, त्यावर मला बसवलं आणि कंगवा हातात घेतला.

"बाबा, टोपावर टोप!" त्यांची लेक अनुपमा म्हणाली. हा विनोद ती दर वर्षी करायची आणि ते दर वर्षी हसायचे.

मित्रांनो, मी डोक्यावर घालायचा, केसांचा टोप. रंगाने निळा, वयाने आता जुना.

अनुपमा ऑफिसात गंभीर चेहऱ्याने वावरते. पण एका कार्टून मालिकेवर तिचा फार जीव. त्यातली कप्तान ढगांतून जहाज हाकते आणि तिचे निळे केस सदा वाऱ्यावर असतात. अंधेरीला दर वर्षी अशा मालिकांच्या चाहत्यांचा मेळा भरतो. आवडत्या पात्राचा वेश करून लोक येतात. अनुपमाला कप्तान व्हायचं होतं, म्हणून माझा जन्म झाला.

नंदकिशोरांनी गावच्या दशावतारासाठी पुष्कळ टोप बांधले होते. कार्टून मात्र त्यांना नवीन. टीव्हीवरचं चित्र थांबवून त्यांनी विचारलं, "हिका वारो खयसून लागता?"

"बाबा, चित्र आहे ते."

"चित्र झाला म्हणान काय झाला? जहाजावर उभी आसा ना?"

सगळे भाग पाहून त्यांनी छडा लावला: वारा कायम तिच्या उजवीकडून. मग माझी एकेक बट वाफ देऊन त्यांनी डावीकडे वळवली, डिंकाने बसवली. वारा शोधता शोधता स्वतःच मालिकेत अडकले. "ती पाण्यात पडली, तेच्या पुढे काय?" असं विचारायला लेकीला ऑफिसात फोन करू लागले. मेळ्यात माझे फोटो निघत, तेव्हा ते कडेला कंगवा घेऊन उभे असत. "हलू नको गो, वारो पडतलो!"

मला भाताच्या टोपावर बसवलं त्या शनिवारच्या दुसऱ्या सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. संध्याकाळी ते गेले.

त्या वर्षी अनुपमा मेळ्याला गेली नाही. मी खोक्यात पडून राहिलो. बटा ढिल्या झाल्या, गाठी पडल्या. खोक्यात पडून राहण्याचं मला काही वाटलं नाही. पण त्यांच्या बोटांनी दिलेलं वळण माझ्यातून थोडं थोडं सुटत होतं, त्याची भीती वाटे. मित्रांनो, आम्हांला जपायला फार काही लागत नाही. अधूनमधून बाहेर काढा, हलक्या हाताने विंचरा. आणि मुख्य म्हणजे, वापरा.

या वर्षी अनुपमाने खोकं उघडलं. मला डोक्यावर चढवलं, कप्तानचं चित्र समोर ठेवलं आणि आरशात बघत एकेक बट वळवली. मग मेळ्याला गेली.

तिथे जान्हवी नावाची एक कॉलेजातली मुलगी धावत आली. "ताई, झकास! पण वारा उलटा लागलाय ना?" तिने फोटो काढून दाखवला.

चित्राप्रमाणे आरशात बघून बटा बसवल्या होत्या; त्यामुळे डावं-उजवं झालं होतं. अनुपमा खो खो हसली. कितीतरी दिवसांनी. "वाट लागली! अगं, नेहमी माझे बाबा बसवायचे."

"मग आज नाही आले?"

"ते गेले. मागच्या वर्षी."

जान्हवीने मोबाइल खाली घेतला. तिने हळूच विचारलं, "ते पण आपल्यातलेच होते का? फॅन?"

"सगळे भाग पाठ होते त्यांना."

 अनुपमाच्या घरात माया असायची ती 'जेवलीस का', 'पोचल्यावर फोन कर' एवढ्यातच. त्यापलीकडचं कुणी कुणाला बोलत नसे. तिने माझ्यावरून हात फिरवला. वारा होता तसाच, उलटा राहू दिला.

"मला माझे बाबा फार आवडायचे," ती म्हणाली.