वरचे खाली आले

“गोळी रोज घेताय ना?” रिपोर्टवरची नजर न काढता डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“घेतो की,” ते म्हणाले.

शेजारच्या खुर्चीवर बसलेली बायको पर्सचा पट्टा उगाचच सारखा करत राहिली.

“मग एक तर हे रक्त खोटं बोलतंय, नाही तर तुम्ही. वाईट कोलेस्टेरॉल मागच्या खेपेला बाहत्तरवर आलं होतं. आज एकशे अठ्ठेचाळीस. पथ्य सुटलंय का?”

“पथ्याचं नाव काढू नका हं,” बायको तडकली. “तळण बंद, लोणी बंद. सकाळी ओट्स, दोन्ही वेळा डाळी नि भाज्या, बदाम मोजून आठ. यांच्यापायी मीपण तेच खातेय.”

म्हणजे राहिली गोळी. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट खाली ठेवला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

“मांड्या फार दुखायच्या हो,” शेवटी ते म्हणाले. “दीड महिना झाला, बंद केलीय.”

मांड्यांची त्यांना काळजी होती, ती कामामुळे. बांधकामावरची उंच क्रेन ते सव्वीस वर्षं चालवत होते. सकाळी एकशे ब्याण्णव पायऱ्यांची उभी लोखंडी शिडी चढायची, काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि संध्याकाळीच उतरायचं. जेवणसुद्धा वरच. त्यामुळे साइटवर त्यांचं नावच ‘वरचे’ पडलं होतं. काम अडलं की मुकादम म्हणायचा, “वरच्यांची मर्जी!” आणि सगळे हसायचे.

आठ महिन्यांपूर्वी शिडीच्या पायथ्याशी बुटाची नाडी बांधताना त्यांच्या छातीत कळ आली. खाली होते म्हणून वाचले. रक्तवाहिनीत जाळी बसवली, आणि कामावर परतल्यावर त्यांना खालची ड्यूटी मिळाली. ओझं नीट बांधलंय का बघायचं आणि वॉकीटॉकीवरून वरच्या माणसाला सांगायचं. वर आता त्यांच्याच हाताखाली शिकलेला माणूस बसत होता. तीन महिन्यांनी कंपनीच्या डॉक्टरांची तपासणी होती. तीत पास झालो की पुन्हा शिडी, असं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

“मला परत वर जायचंय,” ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. “मांड्याच गेल्या तर चढू कसा?”

“अहो, तुम्ही वर जाऊ नये म्हणूनच तर गोळ्या देतेय मी!”

आधी बायकोला हसू फुटलं, मग त्या दोघांनाही.

“दुखतंय तर मला सांगायचं,” हसणं आवरून त्या म्हणाल्या. “स्नायूंची एक रक्ततपासणी करू. गोळी बदलून देते, कमी ताकदीची, आणि जोडीला दुसरी. पण आपल्या मनानं बंद करायची नाही. पुन्हा चरबी साचली तर दुखेल ते मांडीत नाही.”

घरी जाताना बायको कोपऱ्यावर थांबली. “सव्वीस वर्षांत ब्रेक न तपासता कधी क्रेन सुरू केलीत?”

“कधीच नाही.”

“मग?”

त्यांनी मुकाट्याने फळवाल्याकडून सफरचंदं घेतली.

त्यानंतर मात्र त्यांनी हयगय केली नाही. क्रेन सुरू करण्याआधी जशी एकेक गोष्ट तपासायचे, तशी गोळ्यांच्या डबीवर रोज खूण करू लागले. कँटीनवाला लांबूनच ओरडायचा, “आज मासळी तळलीय, कुरकुरीत!” ते म्हणायचे, “माझी उकड, आणि तुझं पोट बघ जरा.” संध्याकाळी बायकोबरोबर तासभर चालणं, मग घरचे चार मजले पायी. पंधरवड्यात मांड्यांचं दुखणं ओसरलं. दोन महिन्यांनी आकडा आला अठ्ठावन्न. त्या दिवशी त्यांनी जिना दोनदा चढून दाखवला.

कंपनीचे डॉक्टर वयस्कर होते. सगळे कागद बघून ते म्हणाले, “असा रिपोर्ट चाळिशीतल्या पोरांचा नसतो.”

हे ऐकताच त्यांनी खिशातून शिडी चढायचे हातमोजे काढलेसुद्धा.

“पण वर नाही पाठवता येणार.”

“का?”

“वर तुम्ही एकटे. काही झालं तर तुम्हाला उतरवायला अर्धा तास जाईल. झटका येऊन गेलेल्याला तिथे बसवायचं नाही, असा नियमच आहे.”

“साहेब, अठ्ठावन्न आहे.”

“बघितलं ना. म्हणून तर खाली खुशाल काम करा म्हणतोय.”

हातमोजे त्यांनी परत खिशात घातले.

रात्री जेवताना त्यांनी उकडलेल्या कडधान्याची ताटली बाजूला सारली. “आता हे कशाला?”

“शिडीसाठी खात होतात होय?” बायको म्हणाली. “मला वाटलं, जगायला.” आणि ती आपलं जेवत राहिली.

बऱ्याच वेळाने त्यांनी ताटली पुढे ओढली. “मीठ कमी आहे.”

“कमीच राहणार.”

सोमवारी साइटवर वारा होता. तीन टन सळ्यांचा भारा नवव्या मजल्यावर जायचा होता. त्यांनी भाऱ्याभोवती एक चक्कर मारली.

“मास्तर, उचलू का?” वॉकीटॉकीत आवाज आला.

“उचल. सावकाश.”

भारा माणसाच्या डोक्याएवढा वर गेला आणि त्यांना दिसलं, एका बाजूचा पट्टा बोटभर सरकला. मग अजून बोटभर. दोन वेल्डर गप्पा मारत थेट त्याच्याकडेच येत होते.

“थांब!” त्यांनी हात वर केला.

तीन टन लोखंड हवेत होतं तिथे थांबलं. “ए, मागं व्हा!” वेल्डरांना त्यांनी लांब हटवलं, मग म्हणाले, “आता खाली घे. घाई नको.” भारा टेकला. त्यांनी स्वतः पट्टे सोडवून पुन्हा बांधून घेतले आणि प्रत्येक पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला. छाती शांत होती.

“मास्तर,” वरचा आवाज जरा कापरा झाला होता, “मला इथून काहीच दिसलं नाही.”

“तिथून नाहीच दिसत,” ते म्हणाले. “चल, उचल आता.”

भारा सरळ चढत गेला. पाचवा मजला, सहावा, सातवा. नवव्यावर तो टेकल्याचा निरोप आला, पट्टे सुटले, रिकामा हूक परत निघाला. ते कपाळावर आडवा हात धरून, मान मागे टाकून, काचेच्या त्या छोट्याशा केबिनकडे अजून बघत होते.