फाटकाचा डोह

यूअनने पाय मोडून घेतला तो तरी कधी, तर मासेमारीच्या हंगामाच्या शेवटच्या शनिवारच्या दोन दिवस आधी. कोंबड्यांच्या खुराड्यावर चढला आणि धाडकन खाली आला. एरवी नदी हॉटेलातल्या पाहुण्यांची. गावाचा दिवस तेवढा हा एकच. चार वाजेपर्यंत ज्याचा मासा सगळ्यात वजनदार, त्याचं नाव सभागृहातल्या फळीवर लागायचं. आणि ज्याचं नाव वीस वेळा लागेल, त्याचं नाव पुलाखालच्या डोहाला, कायमचं. यूअनची एकोणीस झाली होती. त्याचा जुना प्रतिस्पर्धी डगल, त्याचीही एकोणीस.

"तो डोह डगलचा झाला, तर डोहाकडच्या या खिडकीचा पडदा मी मरेपर्यंत उघडणार नाही," यूअन म्हणाला आणि चक्क डोळे पुसायला लागला.

त्याच्या बायकोला, डोलिनाला, त्याची कीव आली. संतापही आला. चाळीस वर्षं या माणसाने जेवताना दुसरा विषय काढला नव्हता.

"रडू नकोस. मी जाते."

"तू? गळ टाकलायस कधी जन्मात?"

"टाकला नसेल, पण ऐकलंय किती! कान किटलेत माझे."

नियम कडक होता. गांडूळ चालत नसे, पिसांची नाहीतर लोकरीची नकली माशीच हवी. गढूळ पाण्यात ती मोठी आणि भडक पाहिजे, हेही तिने हजारदा ऐकलेलं. यूअन झोपेत असताना तिने त्याच्या डोक्यावरच्या शुभशकुनी टोपीचा नारिंगी गोंडा कात्रीने कापला, गळाला गुंडाळला आणि त्याला न सांगता निघाली.

डोंगरात दोन दिवस पाऊस झोडपत होता. नदी तपकिरी झाली होती, तासातासाला चढत होती, फांद्या वाहून आणत होती. मासा तोंड उघडत नाही म्हणून बाकीचे केव्हाच दारूच्या गुत्त्यात जाऊन बसले होते. एकटा डगल पुलाखालच्या डोहात, काठाजवळ मांडीभर पाण्यात उभा होता.

"अगं बाई, डोलिना! विणकाम विसरलीस वाटतं घरी?"

"आणलंय की. गळालाच लावलंय."

डगल खो खो हसला. डोलिना मात्र त्याच्या पायांकडे बघत होती. पाणी चढलं की मासा मधली धार सोडून काठाच्या संथ पाण्यात विसाव्याला येतो, हे यूअन रोज घोकायचा. आणि मग नेमका तिथेच बूट घालून उभा राहायचा! हा गाढवही तिथेच उभा होता. त्याला हलवायचा कसा?

तिने घसा साफ केला. "डगल, आज सॅमन मिळेल का रे?"

डगलच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. नदीवर त्या माशाचं नाव घ्यायचं नसतं, अपशकुन होतो. 'तांबडा' म्हणायचं. चुकून कानावर पडलंच, तर थंड लोखंडाला हात लावल्याशिवाय पुढची फेक टाकायची नाही. गळाचं लोखंड त्यात धरत नसत, आणि रबरी बुटांत नि पितळी चाकाच्या रॉडमध्ये दुसरं लोखंड कुठून असणार? तो शिव्या घालत बाहेर आला, कुरणाच्या लोखंडी फाटकापर्यंत गेला, हात लावून परत आला.

"पुन्हा बोलू नकोस ते!"

"कोणतं? सॅमन?"

गेला बिचारा फाटकाकडे! असं चारदा झालं. पाचव्यांदा तो धापा टाकत फाटकालाच टेकला. डोलिनाने कोरड्या गवतावर उभं राहून, तो जिथे उभा होता तिथेच नारिंगी गोंडा सोडला. फेक कसली, धुणं टाकावं तसा टाकला.

रॉड वाकला. चाक किंचाळलं.

"डगल! अरे धाव! आता काय करू?"

मासा निसटू दिला असता, तर फळी कोरी राहिली असती आणि डगलला पुढचं वर्ष मिळालं असतं. डोलिनाला ते कळत होतं, पण हाक मारायला दुसरं होतं कोण? डगल आला, जाळी घेऊन थेट पाण्यात घुसला. "दोर सैल सोड! आता ओढ! अगं, ओढ म्हणतो ना!" पंधरा मिनिटांनी त्याने मासा कवेत घेऊन काठावर आणला आणि आनंदाने बोंबलला, "काय सॅमन आहे! बापरे, केवढा सॅमन!"

मग त्याने जीभ चावली. फाटकाकडे पाहिलं. मागच्या सखल कुरणात नदी शिरली होती आणि फाटकाभोवती पाणीच पाणी झालं होतं.

"घरी तवा आहे लोखंडाचा," डोलिना म्हणाली. "चल."

मासा तोलून दोघं घरी आले, तर यूअन खिडकीतून दुर्बीण घेऊन सगळं बघत बसलेला. "वीस! वीस झाली माझी!"

"तुझी कशी? गळ माझ्या हातात होता. तुझी एकोणीस, याची एकोणीस, माझं एक."

यूअनने आ वासला. तेवढ्यात त्याला माशाच्या जबड्यातला नारिंगी गोंडा दिसला आणि त्याने डोक्यावरची टोपी चाचपली.

डगल तव्यावर दोन्ही हात ठेवून उभा होता.

"झालं असेल तर बाजूला हो," डोलिना म्हणाली, "मला तो चुलीवर ठेवायचाय. आणि पुढच्या वर्षी दोघंही या. मी असेनच."

यूअनने खिडकीचा पडदा पूर्ण उघडला आणि ताटं मांडायला कुबडी शोधू लागला. डोह अजून कुणाच्याच नावाचा नाही. गाव त्याला फाटकाचा डोह म्हणतं.